कागद खंय मोडता?

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका कला महाविद्यालयाने अभ्यासक्रमावर बोलायला बोलावलं होतं. प्रश्न साधा होता. उपयोजित कलेच्या मुलांना कागद, घडी, बांधणी शिकवत राहायचं, की ते तास काढून मोशन ग्राफिक्स आणि ॲपच्या डिझाइनला द्यायचे? दोन तास चर्चा झाली आणि दोन्ही बाजूंची इतकी कच्ची वकिली मी क्वचितच ऐकली असेल. एक बाजू म्हणाली, कागद संपला, आता सगळं मोबाइलवर. दुसरी बाजू उठली आणि नव्या पुस्तकाच्या वासावर बोलायला लागली. मग ओघाने सावंतवाडीच्या गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, आल्या, 'आपला वारसा' आला, एकाने डोळेही पुसले. वासावर आणि वारशावर अभ्यासक्रम ठरणार असेल, तर ते तास काढून टाकण्याच्या बाजूने मीही हात वर करीन.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कागद आणि घडी शिकवायलाच हवी, पण छापखाने जगावेत म्हणून नको आणि परंपरेच्या प्रेमापोटी तर नकोच. डिझाइन शिकणाऱ्या पोराच्या हातात त्याला 'नाही' म्हणणारी एक तरी वस्तू असावी, एवढ्यासाठी शिकवावी. संगणकाचा पडदा कधी नाही म्हणत नाही. तो सगळं ऐकतो, चुकलं तर एक पायरी मागे नेतो. कागद मागे नेत नाही. घडी एकदा पडली की पडली, उलगडून इस्त्री फिरवली तरी तिची रेघ राहतेच. आणि कोकणातला कागद तर जरा मोठ्यानेच नाही म्हणतो, कारण इथली हवा त्याच्या बाजूने असते.

हे मला कोणी वर्गात शिकवलं नाही. धंद्यात नवा असताना एका निवास-न्याहारीवाल्याचं माहितीपत्रक केलं होतं. 300 जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम भरणारं, आर्ट कार्ड, कडेपासून कडेपर्यंत गडद निळा समुद्र, मधोमध विजयदुर्ग. पडद्यावर झकास दिसत होतं. महिना जुलैचा. छापून, घड्या मारून गठ्ठे आले, तर प्रत्येक प्रतीत तटबंदीतून वरपासून खालपर्यंत पांढरी भेग. घडीवर शाई फुटली होती. शिवरायांच्या आरमाराचा किल्ला मी दोन हजार प्रतींत चिरला होता. छापखान्यात जाऊन ओरडलो. तिथल्या बाइंडिंगवाल्या काकांनी एक कोरं कार्ड उचललं, एकदा उभं वाकवलं, एकदा आडवं. एका बाजूने ते मुकाट वाकलं, दुसऱ्या बाजूने कडकडलं. म्हणाले, "झिला, कागद खंय मोडता ता आधी बघ, मगे चित्र काढ." मी नेमकं उलट केलं होतं, आणि घडीच्या जागी आधी क्रीझिंग, म्हणजे दाबून रेघ, करून घ्यायलाही विसरलो होतो.

काकांनी जे दोन बोटांत दाखवलं, त्यामागचं शास्त्र चार ओळींचं आहे. गिरणीत कागद बनताना लगदा धावत्या जाळीवर पडतो आणि त्यातले बहुतेक तंतू जाळी धावते त्याच दिशेने लोळतात. यालाच छापखान्यात ग्रेन म्हणतात. ग्रेनच्या बाजूने घडी मारली तर तंतूंच्या मधून वाट मिळते, आडवी मारली तर तंतू मोडतात. तंतूला दमट हवा लागली की तो लांबीत जवळजवळ वाढत नाही, जाडीत फुगतो, म्हणून अख्खा ताव ग्रेनच्या आडव्या बाजूला वाढतो. आता रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आषाढ-श्रावणात हवेतली आर्द्रता नव्वदीला टेकलेली, आणि ऑफसेटच्या कागदाला मानवते ती पन्नास-पंचावन्न टक्के. रात्री रीमचं वेष्टन फाडून ठेवा, सकाळी कडा समुद्राच्या लाटेसारख्या झालेल्या असतात. आज एक रंग छापला आणि उद्या दुसरा चढवायला गेलं की रंग रंगावर बसत नाही. कोरड्या हवेत हे दाखवायला दमट खोली बनवावी लागेल. आपल्याकडे खिडकी उघडली की झालं!

सध्याचा अभ्यासक्रम मात्र जीएसएमची व्याख्या पाठ करून घेतो. मुलं ती बिनचूक लिहितात. मी वर्गात विचारतो, 80 जीएसएमच्या ए-फोर कागदाचं वजन किती? सगळे गप्प. ए-झीरोचं क्षेत्रफळ एक चौरस मीटर, त्याच्या चार वेळा अर्ध्या घड्या केल्या की सोळा ए-फोर होतात, म्हणून 80 भागिले 16, पाच ग्रॅम. म्हणजे चार कागद आणि पाकीट झालं की साध्या टपालाची 20 ग्रॅमची पहिली पायरी ओलांडली, तिकीट वाढलं. हे गणित पाठ होत नाही, घडी घालून मात्र कळतं. अर्ध्यात दुमडूनही आकाराचं प्रमाण तेच राहील असा कागद जर्मन शास्त्रज्ञ लिख्टेनबर्ग याने 1786 मध्ये एका पत्रात मांडला आणि 1922 मध्ये वॉल्टर पोर्स्टमन याने त्यावर जर्मनीची मापं बसवली. आपल्या बाजारात आजही 20 बाय 30 इंचांचा ताव मिळतो. तो एकदा दुमडा, 15 बाय 20 होतो, आकार बुटका. परत दुमडा, 10 बाय 15, पहिलं प्रमाण परत आलं. म्हणजे आपला ताव एक घडी सोडून स्वतःसारखा दिसतो. मुलाच्या हातून ही घडी पडली की त्याला कुठलं काम कोणत्या तावातून काढलं तर कमी वाया जातं ते आपोआप दिसायला लागतं. 18 बाय 23 इंचांच्या, डेमी म्हणतात त्या तावाचा आठवा भाग पान धरून मराठी पुस्तकं निघतात, त्यामागे सौंदर्यदृष्टीपेक्षा हाच हिशेब जास्त आहे.

आता विरोधकांचं सर्वांत वजनदार म्हणणं. नोकऱ्या. सावर्डे, देवरुखसारख्या ठिकाणी आता कोकणातच कलाशिक्षण मिळतं, ही मोठी गोष्ट आहे. तिथून शिकलेला मुलगा मुंबई-पुण्याला मुलाखतीला जातो तेव्हा त्याला ग्रेन कोणी विचारत नाही. सोशल मीडियाच्या पोस्ट किती वेळात करशील, हे विचारतात. तालुक्याच्या गावातले छोटे छापखाने एक तर बंद झाले किंवा फ्लेक्सवर जगतात. लग्नाची पत्रिका व्हॉट्सॲपवर येते, देवापुढे ठेवायला पाच-पंचवीस छापतात. अशा वेळी काजूच्या बागेवर कर्ज काढून फी भरणाऱ्या बापाच्या पैशांतून पोराला चिकटपट्टी आणि कात्री का द्यायची? हा प्रश्न हसण्यावारी नेणाऱ्या माझ्या बाजूच्या मंडळींना मी आधी हेच सांगतो, की तुमच्या पोराला पहिला पगार कशाचा मिळाला ते आठवा.

पण या म्हणण्यात एक घोटाळा आहे. कमी झाला तो वाचायचा कागद. दुमडायचा कागद कमी झालेला नाही, उलट घरोघर येऊन पडतोय. मोबाइलवर मागवलेली प्रत्येक वस्तू कुठल्या तरी खोक्यात बसूनच दारात येते. हापूसचं घ्या. पूर्वी आंबा लाकडी पेटीत, भाताच्या पेंढ्यात बसून जायचा आणि वरचं सगळं वजन लाकूड पेलायचं. आता तो पुठ्ठ्याच्या खोक्यात जातो, एक-दोन डझनांच्या खोक्यात थेट गिऱ्हाइकाच्या घरी. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं आणि खोक्यावर काय छापायचं याची शुद्ध आली. पण खोकं उभं राहतं ते छपाईवर नाही, पुठ्ठ्याच्या आतल्या नागमोडी थरावर. त्या नाल्या उभ्या असतील तर खांबासारखं वजन घेतात, आडव्या बसवल्या तर वरच्या चार खोक्यांनी तळचं खोकं मिटतं. हवेसाठी भोकं हवीत, पण ती कोपऱ्याजवळ पाडली की खांबच कापला. वर कोकणातली हवा, पुठ्ठा ओल धरतो आणि त्याची ताकद घटते. हे सगळं माहीत नसलेला मुलगा त्या खोक्यावर अतिशय सुंदर आंबा काढतो. खोकं वाशीच्या बाजारात पोचेपर्यंत आतला आंबा मात्र चपटा!

गणपतीचं मखर पाहा. मार्च 2018 मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि वर्षानुवर्षांचा तो पांढरा चुरा एकदम अडला. त्या जागी आलं काय? पुठ्ठ्याचं घडीचं मखर. चाकरमानी कोकण रेल्वेच्या डब्यात, जिथे स्वतः उभं राहायला जागा नसते तिथे, ते सपाट करून बर्थखाली सरकवतो आणि घरी जाऊन पाच मिनिटांत उभं करतो. दीड दिवसाने किंवा सात दिवसांनी परत मिटून माळ्यावर. त्यात खिळा नाही, डिंक नाही, फक्त खाचा आणि घड्या. हे काम कुठल्या खात्यात टाकायचं, छपाईच्या की डिझाइनच्या? ज्याने हे मखर आखलं तो बेकार बसला असेल असं मला तरी वाटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त हुशार आहे. तो म्हणतो, प्रत्येकाचं काम वेगळं. घडीचं घडीवाला बघेल, डिझाइनरने फाइल द्यावी. वास्तुविशारदाला गवंडीकाम येतं का? येत नाही, कबूल. पण वीट किती इंचांची असते हे त्याला माहीत असतं. नसेल तर त्याची प्रत्येक भिंत अर्ध्या विटेवर संपेल आणि गवंडी दिवसभर विटा फोडत बसेल. आमच्याकडे हेच चालतं. तीन घड्यांचं माहितीपत्रक आलं की मुलाने 297 मिलिमीटरला तीनने भागून 99-99-99 केलेलं असतं. पडद्यावर गणित चोख. हातात घेतलं की आत दुमडायचं पान फुगून वर येतं, कारण कागदाला जाडी असते आणि आत जाणारं पान दोन-तीन मिलिमीटर लहान हवं, 100-100-97. ते पान फुगतं तेव्हा घडीवाला काय करणार? फाइल तर केव्हाच प्लेटवर गेलेली असते. शिवाय 'घडीवाला बघेल' म्हणताना घडीवाला आहे कुठे, हे कोणी पाहत नाही. ते बाइंडिंगवाले काका आता नाहीत. त्यांचा मुलगा गोव्यात हॉटेलात आहे. त्यांचं ज्ञान कुठे लिहिलेलं नव्हतं, बोटांत होतं, आणि कामांची ही वाटणी त्या बोटांच्या भरवशावरच चालली होती.

मराठी छपाईची सुरुवात कोणी केली हे आठवलं तरी ही वाटणी किती अलीकडची आहे ते कळतं. गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये मराठी पंचांग शिळाछापावर छापलं, शाई आणि पुढे टाइपही स्वतः खटपट करून बनवले. निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी लहानपणी टाइप घासायच्या कामाला होते. 1832च्या जानेवारीत ज्यांनी 'दर्पण' काढलं ते बाळशास्त्री जांभेकर तर आमच्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. त्यांना वर्तमानपत्र म्हणजे काय हे आधी ताव आणि रकाने यांतच बघावं लागलं असेल, असं मला उगीचच वाटतं. पण मला सगळ्यात पटणारा दाखला त्याहून घराजवळचा आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे, जिच्यासाठी परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रकथीच्या पोथीत चित्राचे दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले असतात. सांगणारा एक चित्र पुढे धरतो, त्याची कथा गातो, आणि मग ते उलटतो. पाठीमागे काय येणार ते चिकटवण्याच्या दिवशीच ठरलेलं असतं. सीतेच्या पाठीला मारीच लावायचा की रावण, हा निर्णय गोष्टीचा आणि कागदाचा, दोन्हींचा. त्या पोथीत चित्रकार वेगळा आणि बांधणीवाला वेगळा अशी रेघ कुठे मारणार?

याच कारणासाठी मी म्हणतो, की उद्या सगळं काम पडद्यावर गेलं तरी घडी शिकवावी. एक मोठा ताव घ्या, तीन वेळा अर्ध्यात दुमडा, न कापता कोपरे उचलून पानांना एक ते सोळा आकडे घाला आणि उलगडा. मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. एकाच बाजूला 1, 4, 5, 8, 9, 12, 13, 16, त्यातले निम्मे डोक्यावर उभे, आणि एकाशेजारी सोळा, चाराशेजारी तेरा. कुठल्याही जोडीची बेरीज सतरा! फर्मा, म्हणजे एका तावाच्या घड्यांतून होणारा पानांचा जुडगा, काय असतो हे यानंतर सांगावं लागत नाही. त्याहून मोठी गोष्ट अशी, की मुलाला पहिल्यांदा कळतं, मी ज्याला 'पुढचं पान' म्हणतो ते वस्तूत दुसऱ्याच ठिकाणी राहतं. क्रम आणि जागा या वेगळ्या गोष्टी आहेत. ॲपचे पडदे आखणाऱ्याला हेच तर शिकायचं असतं. ते तो सॉफ्टवेअरमध्ये सहा महिन्यांत शिकेल, तावावर एका दुपारी शिकतो.

आणि ही काही माझी टूम नाही. जर्मनीतल्या बाउहाउस या डिझाइनच्या शाळेत योझेफ अल्बर्स पहिल्या वर्षाच्या मुलांना जुनी वर्तमानपत्रं द्यायचे आणि सांगायचे, काही तरी करा, पण कागदाचा मान राखून. मुलांनी किल्ले, होड्या, विमानं केली. एकाने नुसता कागद उभा दुमडून पंख्यासारखा उभा केला, आणि अल्बर्सना तोच पसंत पडला, कारण लवलवता कागद घडीने स्वतःच्या पायावर उभा राहतो हे त्याने ओळखलं होतं. त्याआधी 1893 मध्ये मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं पुस्तक लिहिलं. आणि डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांना शिकवायला विकतची साधनं आणली नाहीत. शिंपले, बिया, पानं, खडे, अंगणात होतं त्यातूनच आकडे शिकवले. आपल्या अंगणात काय आहे? दमट हवा, आंब्याचं खोकं, मखर, पंचांग, जत्रेची हस्तपत्रकं. यासाठी प्रयोगशाळेचा खर्च मंजूर व्हावा लागत नाही.

पर्यावरणाचा मुद्दा बैठकीत निघाला, झाडं तोडायची का वगैरे. माझ्या चिरलेल्या विजयदुर्गाच्या दोन हजार प्रती रद्दीत गेल्या, त्या न शिकवल्यामुळे गेल्या. एवढं पुरे.

वासवाल्या मंडळींचा हिशेब मात्र अजून बाकी आहे. 22 जुलै 2021ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. ओसरल्यावर आठवड्याने मी एका ओळखीच्यांच्या दुकानात चिखल काढायला गेलो होतो. साध्या मॅपलिथोवर, म्हणजे लेप नसलेल्या कागदावर, छापलेली वह्या-पुस्तकं फुगली होती, पण पान पान सुटं करून दोरीवर वाळत घातली तर वाचण्यासारखी राहिली. गुळगुळीत आर्ट पेपरवरचे महागडे कॅटलॉग वाळले तशा त्यांच्या विटा झाल्या. त्या कागदावरचा लेप ओला झाला की गोंदासारखा धरतो आणि एकदा वाळला की पान पानापासून सुटत नाही. सुरी घालून पाहिली, चित्र सोलून निघालं. संस्थेचा शतकमहोत्सवी अंक चकचकीत आर्ट पेपरवरच हवा असा आग्रह आता कोणी धरला, की मला ती वीट आठवते. कागदावर प्रेम करा म्हणून मुलांना सांगून काय मिळणार? नदीकाठच्या गावाला पन्नास वर्षं टिकणारा दस्तऐवज कोणत्या कागदावर छापावा, हे त्यांना ठरवता आलं पाहिजे, आणि कधी कधी 'हा छापूच नका' असंही सांगता आलं पाहिजे. गंजिफांचं नाव घेणाऱ्यांनीही त्या पानावर चिंचोक्याची खळ आणि लाखेचं रोगण कशाला चढवतात हे एकदा विचारावं, मग वारशावर बोलावं.

तासांची अडचण खरी आहे, तीही मान्य. म्हणून मी बैठकीत वर्षभराचा विषय मागितला नाही. जुलैमधले दोन आठवडे मागितले, एक रीम मॅपलिथो, थोडं आर्ट कार्ड, पुठ्ठा, आणि जवळच्या छापखान्यात ट्रेडल या जुन्या छपाईयंत्रावर क्रीझिंग चालतं ते बघायला दोन फेऱ्या. लेखी परीक्षा नको म्हटलं. त्यावर एका ज्येष्ठ शिक्षकांनी विचारलं, "अहो, मग गुण कशावर द्यायचे?"

मी सांगितलं, प्रत्येकाने घडीची एक डमी करायची, माहितीपत्रक असो की खोकं. संध्याकाळी ती वर्गात ठेवायची, खिडक्या उघड्या टाकून सगळ्यांनी घरी जायचं. सकाळी येऊन डमी ज्या अवस्थेत सापडेल, त्या अवस्थेला गुण.